झाशी ज्याच्या किताबात गेली : जनरल ह्यू रोज आणि त्या काळची बढतीची शिडी

१८६६ च्या जुलै महिन्यात ह्यू रोज नावाच्या पासष्ट वर्षांच्या ब्रिटिश सेनाधिकाऱ्याला उमरावपद मिळालं. तिकडच्या रिवाजाप्रमाणे उमरावाच्या किताबात ठिकाणाचं नाव येतं. रोजच्या किताबात दोन ठिकाणं आली : 'बॅरन स्ट्रॅथनेर्न ऑफ स्ट्रॅथनेर्न अँड जान्सी'. पहिलं स्कॉटलंडमधलं, त्याच्या घराण्याच्या मुलखातलं. दुसरं म्हणजे आपली झाशी. इंग्रजी कागदावर तिच्यातला 'ह' सांडला, एवढाच फरक.

मला हा किताब पहिल्यांदा कळला तेव्हा बराच वेळ तो डोक्यातून जाईना. ज्या शहराच्या नावाने आपल्याकडे लहान मुली लाकडी तलवार हातात घेतात, ते शहर एका माणसाने आपल्या नावाला जोडून घेतलं होतं आणि त्यात तिथे कुणालाच काही वावगं वाटलं नव्हतं. हे कसं घडतं, हे समजून घ्यायचं तर रोजच्या स्वभावाच्या खोलात शिरून फारसं हाती लागत नाही. त्याची नोकरी बघावी लागते. त्या काळी ब्रिटिश लष्करात माणूस वर कसा चढत असे, पैसे कुठे लागत, ओळख कुठे लागत असे, आणि लढाई कुठे लागत असे, हे कळलं की झाशी त्या किताबात कशी पोचली तेही कळतं.

मराठी वाचकाला रोज माहीत असतो तो चार महिन्यांपुरता, मार्च ते जून १८५८. त्याची नोकरी सुरू झाली १८२० मध्ये, आणि शेवटचं मोठं पद त्याने सोडलं १८७० मध्ये. पन्नास वर्षांची ही चाकरी आणि त्यातली हिंदुस्थानातली वर्षं जेमतेम आठ.

आधी शिडी समजून घेऊ.

त्या काळात ब्रिटिश पायदळात आणि घोडदळात अधिकाऱ्याची जागा विकत मिळत असे. लाच देऊन, चोरून असं नाही. सरकारने ठरवलेल्या दराने. १८२१ चे पायदळाचे दर असे होते : एन्साइन, म्हणजे सगळ्यात खालचा अधिकारी, ४५० पौंड, लेफ्टनंट ७००, कॅप्टन १,८००, मेजर ३,२००, लेफ्टनंट कर्नल ४,५००. कॅप्टनला मेजर व्हायचं असेल तर वरची जागा रिकामी होण्याची वाट पाहायची आणि मधला फरक, १,४०० पौंड, मोजायचा. जो अधिकारी निवृत्त होई तो आपली जागा खालच्याला विकून जाई, आणि ते पैसे हीच त्याची म्हातारपणाची पुंजी. सरकारचं पेन्शन वाचे. शिवाय राज्यकर्त्यांचा एक हिशेब होता, की ज्याच्या घरी मालमत्ता आहे तो माणूस सरकारवर तलवार उचलणार नाही.

आपल्याला हे वाटतं तितकं परकं नाही. पेशवाईच्या दप्तरात अर्धी पाटीलकी विकल्याची खरेदीखतं आहेत. अधिकार हे वतन आहे, ते विकता येतं, वाटून देता येतं, ही कल्पना इथेही होतीच. फरक असा, की पाटलाच्या हाती गाव असे आणि लेफ्टनंट कर्नलच्या हाती हजार माणसांची पलटण.

४,५०० पौंड म्हणजे किती? रुपयाचा भाव तेव्हा पौंडाला साधारण दहा होता. म्हणजे पंचेचाळीस हजार रुपये. कंपनीच्या पलटणीतल्या शिपायाचा पगार महिना सात रुपये. त्याने एक पैसा न खाता साठवला तरी लेफ्टनंट कर्नलच्या जागेचे पैसे जमायला पाचशेहून जास्त वर्षं लागली असती. अर्थात त्याला ती जागा पैसे असूनही मिळाली नसती. हिंदी माणूस चढून चढून सुभेदार मेजर होई. त्याच्या मिशा पिकलेल्या असत, अंगावर चार लढायांच्या खुणा असत, आणि काल बोटीतून उतरलेला अठरा वर्षांचा एन्साइन त्याच्यावर हुकूम चालवी. हिंदी माणसाला राजाचं कमिशन मिळायला पहिलं महायुद्ध उजाडावं लागलं.

पैशांची ही शिडी लेफ्टनंट कर्नलपर्यंतच होती. त्याच्या वर कर्नल, मेजर जनरल वगैरे जागा विकत मिळत नसत. तिथे ज्येष्ठता चाले : आधी लागलेला आधी वर जाई. त्यामुळे वरचा मेल्याशिवाय किंवा निघाल्याशिवाय खालचा हलत नसे. १८१५ मध्ये वॉटर्लूची लढाई झाली, नेपोलियन संपला आणि युरोपात शांतता आली. फौज कमी झाली, जागा कमी झाल्या आणि वरचे लोक म्हातारे होत बसून राहिले. महत्त्वाकांक्षी तरुणाला तीनच वाटा उरल्या. बड्या सेनापतीच्या हाताखाली खास नेमणूक मिळवायची. नाहीतर परराष्ट्र खात्याचं काम पत्करायचं. नाहीतर समुद्रापलीकडे, वसाहतीत, लढाई गाठायची. लढाईत नाव झालं की 'ब्रेव्हे' मिळे. हा फ्रेंच शब्द. त्याचा अर्थ असा, की पलटणीत तुम्ही मेजरच, पण सैन्यात तुम्हाला लेफ्टनंट कर्नल मानलं जाईल. ज्येष्ठतेच्या रांगेत मध्येच पुढे सरकायचा हा सरकारमान्य मार्ग होता.

आता हिंदुस्थानचा गुंता. इथे ब्रिटिशांच्या दोन फौजा एकाच वेळी नांदत होत्या. एक राणीची फौज. तिच्या पलटणी काही वर्षांसाठी इकडे येत आणि परत जात. दुसरी कंपनीची. तिचे तीन भाग होते : बंगाल, मद्रास आणि मुंबई. कंपनीच्या फौजेत जागा विकत मिळत नसे. तिथे लंडनमधल्या संचालकांपैकी कुणाची ओळख लागे. तोफखान्यात किंवा इंजिनिअर्समध्ये जायचं असेल तर ॲडिसकोंबच्या विद्यालयातून शिकून यावं लागे. त्यापुढे सगळी ज्येष्ठता. तीस तीस वर्षं इथे काढलेले, मराठी-हिंदुस्थानी बोलणारे, मुलूख पायाखाली घातलेले कंपनीचे अधिकारी असत. पण मोठी मोहीम निघाली की सेनापती म्हणून बहुधा राणीचा माणूस येई. या दुजाभावाची सल कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या मनात कायम होती. रोजची नेमणूक नेमकी अशीच झाली.

ह्यू रोजचा जन्म ६ एप्रिल १८०१ चा, बर्लिनचा. वडील ब्रिटिश वकिलातीतले मुत्सद्दी. मुलाचं शिक्षण बर्लिनमध्येच झालं. लष्करी धडे प्रशियन अधिकाऱ्यांकडून मिळाले. जर्मन आणि फ्रेंच त्याला घरच्यासारख्या येत. हे ध्यानात ठेवायला हवं, कारण पुढची निम्मी नोकरी त्याने या भाषांवर केली. १८२० मध्ये तो एन्साइन झाला आणि आयर्लंडमध्ये गेला. तिथले गरीब कॅथलिक शेतकरी गुप्त टोळ्या करून जमीनदारांवर उठत होते. त्यांना दाबायचं काम सैन्याकडे होतं. म्हणजे या माणसाच्या नोकरीचा पहिला धडाच जिंकलेल्या मुलखात पोलिसी करण्याचा. १८२६ च्या अखेरीला, पंचविसाव्या वर्षी, तो पैसे भरून मेजर झाला. वडील राजकारणात, आजोबा थोरल्या विल्यम पिटच्या मुलाचे, म्हणजे पंतप्रधान पिटचे, जवळचे सहकारी. अशा घरच्या मुलाला ही चाल जमत असे.

मेजरचा लेफ्टनंट कर्नल व्हायला मात्र तेरा वर्षं लागली. मधली वर्षं जिब्राल्टर आणि माल्टाच्या ठाण्यांवर गेली. १८३९ मध्ये त्याने ती जागाही पैसे भरूनच घेतली. वय अडतीस. इथून वर पैसा चालणार नव्हता.

मग त्याने दुसरी वाट धरली. १८४० मध्ये इजिप्तच्या महंमद अलीविरुद्ध तुर्कांच्या मदतीला ब्रिटिश अधिकारी सिरियात पाठवले गेले, त्यांत रोज होता. तिथे तो जखमी झाला आणि १८४१ पासून सात वर्षं तिथेच ब्रिटिशांचा कॉन्सल जनरल म्हणून राहिला. लेबनॉनच्या डोंगरात ड्रूझ पंथाचे लोक आणि मॅरोनाइट ख्रिस्ती यांच्यात रक्तपात चालू होता. शेकडो ख्रिस्ती लोकांना आपल्या सोबतीने डोंगरातून बैरूतला सुखरूप पोचवण्याचं काम त्याने जीव धोक्यात घालून केलं. हे सांगितलं पाहिजे. माणूस भित्रा नव्हता, आणि निर्दय म्हणून जन्माला आला होता असंही नाही. झाशीत जे झालं ते कळणं यामुळे अधिक अवघड होतं, आणि म्हणूनच ते वगळून चालत नाही.

१८५१ मध्ये तो कॉन्स्टँटिनोपलच्या वकिलातीत गेला. १८५३ मध्ये मुख्य वकील रजेवर असताना रशियाचा दूत मेन्शिकॉव्ह धमकीची भाषा घेऊन आला. तेव्हा रोजने माल्टाच्या ब्रिटिश आरमाराला पुढे यायचा निरोप धाडला. आरमार आलं नाही. युद्ध मात्र आलंच, आणि क्रिमियात फ्रेंच छावणीतला ब्रिटिश प्रतिनिधी म्हणून रोजची नेमणूक झाली. पुन्हा फ्रेंच भाषा कामी आली. डिसेंबर १८५४ मध्ये तो मेजर जनरल झाला. पण चौतीस वर्षांच्या नोकरीत मोठी फौज स्वतःच्या हुकमाखाली त्याने अजून लढवली नव्हती.

१८५७ च्या उठावाची बातमी लंडनला पोचली तेव्हा त्याने आपण होऊन हिंदुस्थानची नेमणूक मागितली. १९ सप्टेंबर १८५७ ला तो मुंबईला उतरला. छप्पन्न वर्षांचा, हिंदुस्थानात याआधी कधी पाऊल न टाकलेला. त्याला पहिल्यांदा दिली ती पुणे डिव्हिजन. पण लगेच मध्य हिंदुस्थानच्या मोहिमेवर नेमलं गेलं. कंपनीच्या जुन्या अधिकाऱ्यांना तो नवखा वाटत होता, आणि मोहिमेच्या सुरुवातीला ते चुकीचंही नव्हतं. तो राणीचा मेजर जनरल होता, ज्येष्ठतेच्या यादीत त्याचं नाव वर होतं, एवढ्यावर ही फौज त्याच्या हाती आली.

या फौजेत कोण होतं ते आपण मराठी लोकांनी नीट बघायला हवं. एक ब्रिगेड महूला जमली, दुसरी सिहोरला. राणीची ८६ वी पलटण होती, १४ वं लाइट ड्रॅगून्स हे घोडदळ होतं, कंपनीच्या मुंबई लष्करातली गोऱ्यांची तिसरी पलटण होती. आणि त्यांच्या जोडीला मुंबई लष्कराच्या २४ व्या आणि २५ व्या देशी पलटणी, मुंबईचा रिसाला, हैदराबाद कंटिंजंट (निजामाच्या खर्चाने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली ठेवलेली फौज), मुंबई आणि मद्रासची सफरमैना, म्हणजे खंदक-सुरुंगांचं काम करणाऱ्या तुकड्या. मुंबई लष्करात भरती होई ती कोकणातून, देशावरून, शिवाय उत्तरेतूनही. झाशीचे नेवाळकर मूळचे कोकणातले, राणीचे वडील मोरोपंत तांबे पेशव्यांच्या पदरी असलेले. किल्ल्यात मराठी बोलणारी माणसं होती आणि किल्ल्याबाहेरच्या मोर्च्यांतही ती होती. बाहेरच्यांना महिना सात रुपये मिळत होते. हे लिहिताना हात अडखळतो, पण ते खरं आहे.

जानेवारी १८५८ मध्ये सिहोरला भोपाळ कंटिंजंटच्या उठलेल्या शिपायांवर लष्करी खटला चालला आणि इंग्रजांच्याच नोंदीप्रमाणे १४९ जणांना गोळ्या घातल्या गेल्या. मग फौज हलली. जानेवारीअखेर राहतगढ पडलं. ३ फेब्रुवारीला सागर मोकळं झालं, तिथल्या किल्ल्यात गोरी कुटुंबं कित्येक महिने अडकून होती. मग गढाकोटा. मार्चच्या सुरुवातीला मदनपूरची खिंड : एका खिंडीवर चढाईचा देखावा करायचा आणि मुसंडी दुसरीतून मारायची, ही जुनी चाल रोजने तिथे यशस्वी केली.

इथे आणखी एक यंत्रणा समजून घ्यावी लागते. सेनापतीबरोबर 'पोलिटिकल' अधिकारी असे. मध्य हिंदुस्थानात तो होता सर रॉबर्ट हॅमिल्टन, गव्हर्नर जनरलचा एजंट. कुणाशी तह, कुणाला अभय, कुठल्या वाटेने जायचं, यात त्याचा शब्द चाले. झाशी जवळ आली तेव्हा वरून हुकूम आला, की आधी इंग्रजांच्या बाजूच्या चरखारीच्या राजाची सुटका करा, तात्या टोपे तिथे वेढा घालून बसला आहे. सैनिकाने वरचा हुकूम मोडायचा नसतो. पण हॅमिल्टनने जबाबदारी आपल्या अंगावर घेतली आणि फौज झाशीलाच गेली. झाशीचं नशीब ठरलं त्यात या मुलकी अधिकाऱ्याच्या निर्णयाचा वाटा मोठा आहे. किताबात मात्र त्याच्या नावाला झाशी नाही.

२१ मार्चला फौज झाशीसमोर आली, चार दिवसांनी तोफा सुरू झाल्या. ३१ मार्चला तात्या टोपे वीसेक हजारांची फौज घेऊन बेतवेवर पोचला. रोजपुढे पेच होता. वेढा उठवला तर राणी सुटते, न उठवला तर पाठीवर तात्या. त्याने वेढा तसाच चालू ठेवला आणि जेमतेम दीड हजार माणसं घेऊन १ एप्रिलला तात्याला गाठलं. तात्याची पहिली फळी फुटली, दुसरी फळी मैलांवर मागे होती, तिची मदत वेळेत आली नाही. युद्धशास्त्र म्हणून ही लढाई रोजच्या कारकिर्दीतली सर्वांत धाडसाची मानावी लागते. आपल्या बाजूने ती वाचताना आजही हळहळ वाटते, कारण किल्ल्यावरून लोक तात्याच्या तोफांचा आवाज ऐकत होते.

३ एप्रिलच्या पहाटे चढाई झाली. तटाला शिड्या लावल्या त्या काही ठिकाणी अपुऱ्या पडल्या, काही माणसांच्या भाराने मोडल्या. वरून गोळ्या, दगड, ओंडके. मुंबई इंजिनिअर्समधले डिक आणि मिकलजॉन हे दोन तरुण लेफ्टनंट तटावर सगळ्यांच्या आधी पोचले आणि तिथेच मारले गेले. दुसरीकडे भिंतीच्या खिंडारातून ८६ वी पलटण आत घुसली, आणि मग रस्त्यारस्त्यातून, वाड्यातून, तबेल्यातून लढाई झाली. राणी ४ तारखेच्या रात्री किल्ल्यातून निसटली, ५ तारखेला किल्ला पडला. मोरोपंत तांबे पकडले गेले, त्यांना फाशी दिलं.

शहरात त्यानंतर जे झालं त्याचा एक मराठी साक्षीदार आहे : पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेलेला हा भिक्षुक वेढ्याच्या वेळी झाशीत अडकला होता. त्यांनी पुढे उतारवयात सगळं लिहून ठेवलं. कित्येक दिवस चाललेली कत्तल आणि लूट, घराघरात लपलेली माणसं, जळणारी शहराची आळी, आणि राजवाड्यातल्या पोथ्यांचा झालेला नाश. इंग्रजांच्या लेखनात झाशीत मारल्या गेलेल्यांचा आकडा पाच हजारांच्या आसपास येतो. त्यात लढणारे किती आणि घरात बसलेले किती, याची वाटणी त्या आकड्यात नाही.

झाशीनंतर उन्हाळा तापला. ७ मेला कोंचची लढाई झाली तेव्हा गोरे सैनिक उन्हाने घोड्यावरून कोसळत होते. रोजला स्वतःला ऊन लागलं. तो पडे, डोक्यावर पाणी ओतलं जाई, पुन्हा घोड्यावर बसे. बेशुद्ध पडलेल्यांच्या डोल्यांची रांग लढाईच्या मागे चालली होती. काल्पीला २२ मेला राणी आणि रावसाहेब पेशव्यांच्या फौजेने इंग्रजांची डावी-उजवी फळी दमवून जवळजवळ तोफांपर्यंत मजल मारली. रोजने उंटदळ घेऊन स्वतः धाव घेतली आणि पारडं फिरलं. दुसऱ्या दिवशी काल्पी पडली.

इथे मोहीम संपली असं सगळ्यांनाच वाटलं. आजारी रोजने रजा घेतली, राजीनामा दिला, फौजेला निरोपाचं फर्मान काढलं : तुम्ही हजार मैलांहून जास्त चाललात, शंभराहून जास्त तोफा घेतल्यात. त्याच्या जागी रॉबर्ट नेपियरची नेमणूक झाली. आणि त्याच दिवसांत, १ जूनला, राणी, तात्या आणि रावसाहेबांनी ग्वाल्हेर घेतलं.

रोजने काय केलं? रजा बाजूला ठेवली, नेपियरची नेमणूक झालेली असतानाही फौजेची सूत्रं आपणहून परत घेतली आणि ग्वाल्हेरवर चाल केली. नेपियर दुय्यम म्हणून त्याच्याबरोबर गेला. १७ जूनला कोटा की सरायजवळ ब्रिगेडिअर स्मिथच्या तुकडीशी लढताना राणी पडली. आपल्याकडे १८ जून पाळतात. त्या दिवशी रोज तिथे नव्हता, तो मुरारच्या बाजूला होता. १९ ला ग्वाल्हेर शहर पडलं, २० ला किल्ला. किल्ल्यावरच्या शेवटच्या चकमकीत २५ व्या मुंबई पलटणीचा एक लेफ्टनंट मारला गेला. त्याचंही आडनाव रोजच होतं.

राणीविषयी रोजने पुढे जे लिहिलं ते आपल्याकडे वारंवार सांगितलं जातं : तिचं शौर्य, हुशारी, चिकाटी, हाताखालच्या माणसांशी औदार्य, आणि म्हणून बंडवाल्यांत तीच सर्वांत घातक. आपण त्यातलं कौतुक उचलतो. ते खरंही असावं. पण हे शब्द वरिष्ठांना पाठवलेल्या मजकुरातले आहेत, आणि बढतीच्या व्यवस्थेत शत्रू जितका मोठा तितका विजय मोठा, हे विसरून ते वाचू नयेत असं मला वाटतं.

ग्वाल्हेर घेऊनही सरसेनापती कॉलिन कॅम्पबेलने रोजला खरमरीत ठपका दिला : राजीनामा दिल्यावर विनापरवाना सूत्रं हाती घेतलीच कशी? लष्करात शिरस्ता असा मोडणं हा गुन्हा. पण विजयापुढे ठपका टिकला नाही. रोज पुण्याला परतला, मार्च १८६० मध्ये मुंबई लष्कराचा सेनापती झाला आणि तीनच महिन्यांत, जून १८६० मध्ये, साऱ्या हिंदुस्थानचा सरसेनापती. चाळीस वर्षांत जेवढं अंतर कापलं नव्हतं तेवढं त्याने तीन वर्षांत कापलं.

सरसेनापती म्हणून त्याच्यासमोरचं काम किचकट होतं. कंपनी गेली होती, तिची फौज राणीच्या फौजेत मिसळायची होती. कंपनीच्या गोऱ्या सैनिकांनी याला नकार दिला. आमची चाकरी कंपनीशी होती, आम्हाला गुरांसारखं एका मालकाकडून दुसऱ्याकडे कसं देता, असं त्यांचं म्हणणं. सुमारे दहा हजार जण नोकरी सोडून मायदेशी निघून गेले. दानापूरला एका गोऱ्या पलटणीत बेशिस्त माजली तेव्हा रोजच्या काळात एका सैनिकाला गोळ्या घालून ती पलटणच मोडली गेली. हिंदी शिपायांची संख्या घटली. बंगालमध्ये दोन हिंदी शिपायांमागे एक गोरा, मुंबई-मद्रासला तिघांमागे एक, असं प्रमाण ठेवायची शिफारस झाली, आणि डोंगरी तोफखान्यासारखे थोडे अपवाद सोडले तर तोफा हिंदी माणसांच्या हातून काढून घेतल्या. स्वातंत्र्यापर्यंतच्या हिंदी लष्कराचा साचा या वर्षांत ओतला गेला. गोऱ्या सैनिकांसाठी रोजने छावण्यांत बागा आणि कारागिरीचे वर्ग काढले, दारू आणि रोगराईपासून त्यांना दूर ठेवायला. 

१८६५ मध्ये तो हिंदुस्थान सोडून गेला. पाठोपाठ आयर्लंडचा सेनापती झाला, जिथून एन्साइन म्हणून सुरुवात केली होती तिथेच, आणि १८६७ च्या फिनियन, म्हणजे आयरिश स्वातंत्र्यवाद्यांच्या, उठावाचा बंदोबस्त त्याच्याकडे आला. १८७७ मध्ये फील्ड मार्शल, म्हणजे सैन्यातला सर्वांत वरचा हुद्दा, मिळाला.

राहिली पैशांची गोष्ट, आणि तीही मराठी घरातूनच जाते. त्या काळी लढाईत हाती लागलेला खजिना फौजेत हुद्द्याप्रमाणे वाटला जाई. मोठा वाटा सेनापतीचा, शिपायाला चिमूटभर. मध्य हिंदुस्थानातला सर्वांत मोठा खजिना रोजला मिळाला नाही. तो मिळाला जनरल व्हिटलॉकला, जून १८५८ मध्ये, चित्रकूटजवळच्या किरवीत. किरवी हे अमृतराव पेशव्यांचं ठिकाण; राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवाईच्या अखेरीला तिकडे जाऊन राहिले होते. त्यांच्या वंशातले नारायणराव आणि लहानगे माधवराव यांच्या वाड्यात व्हिटलॉक जवळजवळ विनाप्रतिकार शिरला आणि सोनं, जवाहीर, रोकड घेऊन बाहेर पडला. रोजच्या फौजेचं म्हणणं असं, की झाशी-काल्पी आम्ही मोडली म्हणून किरवी लढली नाही, तेव्हा आम्हालाही वाटा हवा. खटला लंडनच्या ॲडमिरल्टी कोर्टात डॉ. लशिंग्टन या न्यायाधीशापुढे चालला. कुणाची फौज कुणाच्या हुकमाखाली होती, किती मैलांवर होती, मोहीम एक की दोन, याचा कीस पाडला गेला. १८६६ मध्ये निकाल लागला आणि रोजच्या फौजेचा दावा फेटाळला गेला. ज्या वर्षी झाशी त्याच्या नावाला लागली त्याच वर्षी किरवीचं सोनं हातचं गेलं. त्या सगळ्या खटल्यात, तो खजिना मुळात कुणाचा होता हा प्रश्न कुणीही विचारला नाही. नारायणराव तोवर कैदेत वारले होते.

असे किताब एकट्या रोजचे नाहीत. शिंद्यांच्या फौजा मोडणाऱ्या लेकच्या नावाला दिल्ली आणि लासवाडी आहे. कीनला गझनी, नेपियरला ॲबिसिनियातलं मगदाला, रॉबर्ट्सला कंदाहार, किचनरला खार्टूम. ब्रिटिश उमरावांची यादी या अंगाने वाचली तर ती पडलेल्या शहरांची यादी होते.

रोजने लग्न केलं नव्हतं. १६ ऑक्टोबर १८८५ ला पॅरिसमध्ये तो वारला आणि वारस नसल्याने उमरावपद त्याच्याबरोबर संपलं. दहा वर्षांनी लंडनच्या नाइट्सब्रिजमध्ये त्याचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. मध्य हिंदुस्थानच्या मोहिमेत घेतलेल्या तोफा वितळवून तो ओतला होता. १९३१ मध्ये रस्त्याच्या कामासाठी तो उतरवला, पुढे बरीच वर्षं पडून होता, आणि आता हॅम्पशर परगण्यात लिफुकजवळ ग्रिग्ज ग्रीन नावाच्या खेड्यात आहे. झाशीच्या किल्ल्यावर राणीच्या दोन तोफा, कडक बिजली आणि भवानीशंकर, अजून तिथेच ठेवलेल्या आहेत.